हिरव्याचं साल

मंगळवारी दुपारी तासभर पाऊस पडला आणि मुरमाडीहच्या भाठ्यावर निंदणासाठी एक दिवस मिळाला. भाठा म्हणजे गावाच्या वरच्या अंगाची लाल, मुरमाड जमीन. पाणी तिथे थांबत नाही. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माती मुळं सोडते. तिसऱ्या दिवशी गवत ओढलं तर पान हातात येतं आणि मूळ खाली राहतं. निंदायचं तर बुधवारीच.

आणि बुधवारीच रायपूरला इंदूचा सत्कार होता.

"एक दिवस पुढं नाई ढकलता येत का?" तिने परागला फोनवर विचारलं.

"काकू, सत्कार का माझ्या घरचा आहे? बडे साहेब येऊन राहिले. आठ वाजता गाडी येईल. चांगली साडी नेसा, फोटो निघते."

पराग अठ्ठावीस वर्षांचा. रायपूरच्या शंकर नगरला राहायचा. वडील रेल्वेत, मूळचे वर्ध्याचे. राज्य होऊन बारा वर्षं झाली होती आणि नव्या राज्याला आपलं म्हणून दाखवायला जुनं धान हवं होतं. भाठ्यावर होणाऱ्या जुन्या जाती गोळा करायच्या, शेजारी शेजारी पेरायच्या आणि कोणती किती तग धरते ते मोजायचं, असा एक प्रकल्प निघाला होता. पराग त्या प्रकल्पाचा या भागातला माणूस.

यंदा त्याने इंदूच्या भाठ्यावर बारा जाती लावल्या. प्रत्येक जातीचे तीन चौकोन, एकूण छत्तीस. प्रत्येक चौकोनाच्या डोक्याशी बांबूची खुंटी आणि खुंटीवर नुसता आकडा. जातीचं नाव लिहायचं नाही आणि कोणाला सांगायचंही नाही, असा नियम होता. नाव कळलं की बघणारा त्या बाजूने बघतो, असं पराग म्हणायचा.

सात नंबर करियापानाचा होता. जांभळ्या पानाचं, तांबड्या दाण्याचं हे धान मुरमाडीहमध्ये आता इंदूच्याच घरात उरलं होतं. गेल्या भादव्यात चोवीस दिवस पाऊस आला नाही. गावातल्या बाकी धानांच्या लोंब्या पोटातच वाळल्या. करियापानाने अख्ख्या भाठ्यात मिळून दीड किलो दाणा दिला. तेवढंच बी. त्यातलं सव्वा किलो सात नंबरच्या तीन चौकोनांत पडलं. उरलेलं पावशेर परागने दाण्याची लांबी मोजायला आणि शिजवून बघायला नेलं. बियाची तुमडी, म्हणजे पोखरलेला वाळका भोपळा, इंदूने उलटी करून खुंटीला टांगली.

"पुढच्या साली दुप्पट करून देतो," पराग म्हणाला होता.

बी द्यायला ती तयार होती. तिची हरकत वेगळी होती. धानात करगा उगवतो. करगा म्हणजे रानटी धान. लोंबी येईपर्यंत तो पेरलेल्या धानासारखाच दिसतो, आणि लोंबी आली की कापणीआधीच झडून पुढच्या वर्षाची पेरणी करून ठेवतो. त्यावर गावाची एक रीत होती. भाठ्यावर एक साल हिरव्या पानाचं धान पेरायचं, दुसऱ्या साली जांभळ्या पानाचं. जांभळ्याच्या साली निंदताना हिरवं दिसेल ते उपटायचं, हिरव्याच्या साली जांभळं दिसेल ते. गेलं साल जांभळ्याचं होतं.

"हे हिरव्याचं साल आहे भैया. ह्या साली भाठ्यावर जांभळं पेरत नसतात."

"काकू, मातीची तपासणी ह्याच तुकड्याची झाली. नकाशा पास होऊन आला. आता रंगासाठी बदलू का?"

बुधवारी सकाळी गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा इंदूचा नवरा नीलकंठ ओट्यावर चहा पीत होता. भोसल्यांच्या काळात नागपूरकडून आलेलं हे घर. मालगुजारी केव्हाच गेली, गावाच्या तोंडी 'दाऊ' तेवढं राहिलं. धाकटा भाऊ शामराव याने आपल्या वाट्याचा भाठा मागच्या वर्षी सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या ट्रकांना उभं राहायला दिला होता, आणि आता तो रोज फोन करून नीलकंठलाही तेच सांगत होता.

"ऐकून घ्या," इंदू म्हणाली. "बाया आल्या का मीराले सांगजा, फक्त गवत काढा. धानाले हात लावायचा नाई. हिरवं असो का जांभळं."

"हव."

"काय सांगितलं मी?"

"गवत काढा."

"अन्?"

"अवं, लहान पोट्टा आहो का मी? जाय तू. सत्कार करून घे."

सभागृहात तिला चौदाव्या नंबरच्या खुर्चीवर बसवलं. दहाचा कार्यक्रम एक वाजता सुरू झाला. शाल, नारळ आणि प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर 'बीज संरक्षक' असं लिहिलं होतं. फोटोसाठी तिच्या हातात वाळलेली लोंबी दिली गेली. ती पाण्यातल्या संकरित धानाची होती. तिने तसं सांगितलं.

"फोटो में क्या समझता है, अम्मा," फोटोवाला म्हणाला. "ऊपर देखो."

पाच वाजता गाडीने तिला गावाच्या नाक्यावर सोडलं. ती घरी न जाता सरळ भाठ्यावर गेली. शाल खांद्यावरच होती.

निंदण उत्तम झालं होतं. तेहतीस चौकोनांत हिरवं धान वीतभर उभं होतं आणि मध्ये गवताची काडी नव्हती. सात नंबरच्या तीन चौकोनांत लाल माती होती. तिच्यावर बोटांच्या खुणा होत्या, ओळीने, जवळजवळ. मीरा साहूच्या टोळीचा हात गावात नावाजलेला. त्यांनी उपटलेल्या जागी मूळ राहत नाही. इंदू उकिडवी बसली आणि तिने पहिला चौकोन या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने चाचपला. मग दुसरा, मग तिसरा. सिलतऱ्याच्या धुराड्यांची काळी धूळ मातीवर बसली होती, ती तिच्या तळहाताला लागली. धानाचं एक रोप राहिलं नव्हतं.

नीलकंठ धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होता.

"हे काय केलं?"

"मी काय केलं? बायायनं केलं. मीरानं."

"तुम्ही कुठी होते?"

"इथंच होतो ना."

"इथं होते तं दिसलं नाई?"

"धूळ किती बसते पाहून नाई राहिली तू? सगळंच काळं दिसते." त्याने धोतराच्या सोग्याने मान पुसली. "त्यायले अक्कल पाहिजे. साऱ्या जन्माच्या निंदून राहिल्या."

"उपटलेलं कुठी आहे?"

"नेलं त्यायनं. ढोरायले."

इंदू उठली. शालीचा बोळा करून तिने तो त्याच्या हातात दिला आणि साहूपाऱ्याकडे, मीराच्या वस्तीकडे, चालू लागली. मागून तो काहीतरी म्हणाला. तिने ऐकलं नाही.

निंदणाला नऊ बाया होत्या. पहिल्या चार घरांत गुरांपुढे काही उरलं नव्हतं. पाचव्या घरी एका वासराच्या तोंडात जांभळं पान होतं. ते तिच्या देखत आत गेलं. दारात उभ्या असलेल्या म्हातारीने विचारलं, "का खोजत हस, काकी?" इंदूने सांगितल्यावर ती आत तोंड करून हसली. दाऊच्या घरची बाई गुरांचा चारा मागत फिरते आहे, ही बातमी इंदूच्या आधी मीराच्या अंगणात पोचली.

मीरा चाळिशीची, उंच, हाडापेराने मोठी. दूध काढायची वेळ झाली होती. सिमेंटच्या कोटन्यात गाईपुढे चारा होता आणि बाजूला ओल्या पोत्याखाली आणखी एक भारा झाकलेला होता.

"मीरा, मेरा धान उखाड़ दिया तूने."

मीराने बादली खाली ठेवली. "मोला काबर गारी देथस? अपन दाऊ ला पूछ."

"क्या पूछूं?"

"मैं पूछेंव, ए साल कोन ला राखबो. दाऊ कहिस, हरियर ला." या साली कोणतं ठेवायचं, हिरवं का जांभळं, हेच ती दरवर्षी धुऱ्यावरून विचारायची, आणि दरवर्षी एका शब्दात उत्तर मिळायचं. "ओ चौखट मां पूरा करिया रिहिस. त दूसर घांव पूछेंव, दाऊ, इहां त पूरा करिया हे. फोन मां गोठियात रिहिस. हाथ हला दिस. अइसन."

एक हात फोन धरल्यासारखा कानाशी नेऊन मीराने दुसरा हलवून दाखवला. माशी उडवतात तसा.

हात कसा हलला असेल ते इंदूला पाहायची गरज नव्हती. तीस वर्षं तिने तो हात पाहिला होता. तिने पोतं उचललं. खाली गवत होतं, सावा होता, आणि मधून मधून जांभळी रोपं. काहींना मुळं होती, मुळांना माती होती.

"ये मैं ले जा रही हूं."

"अउ मोर गाय का खाही?"

"पैरा देती हूं. दो गट्ठा."

"पैरा मोर करा हे." पेंढा तिच्या घरी होता. मीरा भाऱ्याच्या आणि इंदूच्या मध्ये येऊन उभी राहिली. मागच्या वर्षी पावसाने ओढ दिली तेव्हा इंदूने तिला धुऱ्यावरचं गवतही कापू दिलं नव्हतं, हे दोघींना आठवत होतं. "ले जा. जतका होही, ओखर आधा मोर."

"पकेगा उसका आधा? धान मेरा है."

"तोर खेत मां रिहिस त तोर. अब मोर कोटना मां हे."

गाईने मान लांब करून भाऱ्याकडे तोंड नेलं. मीराने तिला अडवलं नाही. गाय एक घास घेऊन चावू लागली.

"हव," इंदू म्हणाली. "आधा."

उजेड होता तोवर तिने घरामागच्या बाडीत बसून भारा निवडला. मुळं असलेली रोपं दोनशे अकरा निघाली. हातपंपाच्या नालीला लागून वांग्यांचा वाफा होता. वांग्यांना फुलं लागली होती. तिने ती सगळी उपटली, माती खुरप्याने मोकळी केली आणि एकेक रोप वीतभर अंतरावर लावलं. भाठ्याचं धान असं लावत नाहीत, ते पेरतात. लावलेलं जगतं की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. तिची सासू असती तर तिलाही ठाऊक नसतं.

नीलकंठ दारात येऊन उभा राहिला.

"अवं, जेवायले?"

"इसरलात, का इसरल्याचं सोंग केलं?"

"काय?"

"शामरावभाऊजींचा फोन होता ना?"

तो आत गेला. भाताच्या भांड्यावरचं झाकण वाजलेलं तिला ऐकू आलं. त्याने स्वतःचं वाढून घेतलं.

त्यानंतर पाऊस गेला. भाठ्यावरचं धान दुपारी पानं गुंडाळू लागलं. बाडीतली रोपं पहिले तीन दिवस मान टाकून पडली, पिवळी झाली, काही सडली. इंदू सकाळ-संध्याकाळ हातपंप मारायची आणि नालीतून पाणी वळवायची. शेजारच्या बकऱ्या कुंपणातून तोंड घालू लागल्या तेव्हा तिने सत्काराची शाल आणून त्या बाजूला ताणून बांधली. पाचव्या दिवशी तिने मोजलं. एकशे त्रेसष्ट रोपं उभी होती. नवं पान सगळ्यांना जांभळं येत होतं.

सहाव्या दिवशी सकाळी वाफ्यात घोटाभर पाणी होतं. कोणीतरी फावड्याने नाली रुंद केली होती.

"तुम्ही केलं?"

"पाणी कमी पडत होतं," नीलकंठ म्हणाला.

"भाठ्याचं धान आहे. बुडवून मारता काय त्याले? एकदा मारलं तेवढं पुरे नाई झालं?" तिने खुरप्याने बांध फोडून पाणी सोडून दिलं. तो तिथेच उभा राहिला आणि मग फावडं खांद्यावर घेऊन निघून गेला. फावडं धुवायचं राहिलं होतं.

रविवारी पराग मोटारसायकलवर आला. भाठा पाहून आला होता. चेहरा उतरला होता आणि बुटांना धूळ होती.

"काकू, शुक्रवारी टीम येऊन राहिली. दिल्लीचे दोघं आहेत. तीन प्लॉट रिकामे कसे?"

"उपटले."

"कोणी?"

"आमच्याच माणसायनं. तू नाव लिहू दिलं असतं तं उपटले नसते. हिरव्याचं साल आहे म्हणून सांगितलं होतं तुले."

"आता माझ्यावरच येऊन राहिलं का?" मग त्याला वाफा दिसला. तो जवळ गेला, वाकला. "हे सात नंबरच आहे ना? अरे वा! मग झालं काम. हे नेऊन लावून टाकू. तीन प्लॉटमध्ये पन्नास पन्नास. शुक्रवारपर्यंत टँकर लावतो मी."

"अन् शुक्रवारनंतर?"

"नंतरचं नंतर पाहू."

"एकदा उपटलेलं धान आहे. आता परत उपटलं, त्या तापलेल्या मुरमात घातलं, तं एक जगणार नाई. अन् टीम गेल्यावर तुझा टँकर बी जाते."

"काकू, रिकामा प्लॉट दिसला तर माझी नोकरी जाते. समजून घ्या ना थोडं. सत्कार घेतला ना तुम्ही? गावात दुसरं कोणी नव्हतं का? मीच नाव दिलं तुमचं."

"ती पाह्य, शाल तिथं बांधली आहे. सोडून घेऊन जाय. पण आधी बकऱ्यायसाठी दुसरं काही बांधून दे."

परागने शालीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. बॅगेतून त्याने रजिस्टर काढलं आणि मोटारसायकलच्या सीटवर ठेवून उघडलं. "मग मले लिहावं लागते."

"लिही. उगवलं होतं, बावीस दिवसांचं झालं होतं, निंदणात उपटलं गेलं. असं लिही."

"निंदणात उपटलं लिहिलं तर चूक कोणाची म्हणून विचारतील. त्याचा रकाना नाही यात." त्याने लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं, तिला ऐकवण्यासाठीच. "सात नंबर. अंकुरण असमाधानकारक. पुढील चाचणीतून वगळावे."

"अंकुरण म्हणजे?"

"उगवण."

"ते तुझ्यासमोर उभं आहे अन् तू लिहितं उगवलं नाई?"

"प्लॉटमध्ये नाही ना." पराग गाडीवर बसला. "तुमच्या बाडीत काय उगवते ते मले मोजायचं नाही." गाडी सुरू होईना. त्याने सहा वेळा किक मारली. इंदू हातपंपाशी उभी राहून पाहत होती. सातव्या किकला ती सुरू झाली.

शुक्रवारी टीम आली नाही. पुढच्या मंगळवारी आली, वीस मिनिटं थांबली आणि धुऱ्यावरून पाहून गेली. खुंट्यांवरचा सात नंबर परागने आधीच काढून टाकला होता.

नवाखाईला, नव्या धानाच्या सणाला, आठ दिवस होते तेव्हा बाडीतलं करियापान पिकलं. लोंबी आखूड होती, दाणे पूर्ण भरले नव्हते, पण पिकलं. इंदूने विळ्याने एकेक झाड कापलं, पाटीवर झोडपलं आणि सुपाने पाखडलं. धूळ जाईपर्यंत चार वेळा पाखडलं. सगळं मिळून सुपाचा तळ झाकला.

मीरा दारातून आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिच्या हातात रिकामं सूप होतं.

"आधा," ती म्हणाली.

नीलकंठ ओट्यावरून उठला. "कायचं अर्धं? उपटलं तूच अन् अर्धं बी तूच नेते? चल, निघ."

"मैं उपटेंव? काखर कहे मां उपटेंव, दाऊ?"

नीलकंठ परत ओट्यावर बसला. रस्त्यावरून एक ट्रक शामरावच्या भाठ्याकडे वळला आणि त्याची धूळ कुंपणावर येऊन बसली. इंदूने पाखडलेल्या धानावर पदर धरला आणि धूळ खाली बसल्यावर काढला. मग तिने घरातून पितळेचा पेला आणला. एक पेला स्वतःच्या सुपात, एक मीराच्या. तीन तीन पेले झाले. शेवटी थोडं उरलं ते तिने मुठीत घेतलं, पाहिलं, आणि त्याचेही दोन भाग केले.

"खाना नहीं इसको. बीज है."

"मोर हे. मैं खांव के बोंव, तोला का?" मीराने एक दाणा उचलून दातांत फोडला. तांबडा तांदूळ जिभेवर घेऊन तिने तो चावला, बराच वेळ. "मोर नरवा के ओ पार टिकरा हे. उहां बोहूं. तोर भाठा मां भरोसा नइ ए."

नाल्याच्या पलीकडचा तिचा तुकडा इंदूला माहीत होता. इथल्यापेक्षा खडकाळ होता, पण तिथे ट्रक जात नव्हते.

मीराने सूप कडेवर घेतलं. दाराशी जाऊन ती वळली आणि नीलकंठकडे पाहत, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिने पुढच्या सालचं विचारलं, "दाऊ, आन साल कोन ला राखबो?"

नीलकंठने तोंड उघडलं. त्याचा हात मांडीवरून वर आला होता.

इंदूने पेला सुपावर आपटला.

"त्यायले काय विचारतं? इकडे पाह्य, मले विचार." ती उठून दारापर्यंत गेली आणि मीराच्या समोर उभी राहिली. "करिया ला. अउ दूर से मत पूछना. पास आ के पूछना."

"पास आहूं," मीरा म्हणाली. "हाथ झन हलाबे, मुंह ले कहिबे."

ती निघून गेली. इंदूने खुंटीवरची तुमडी काढली, सरळ केली, आतली धूळ फुंकून टाकली आणि बी भरायला बसली. नीलकंठने तुमडी धरायला हात पुढे केला. तिने ती गुडघ्यांत धरली.